एका पोस्टकार्डावर तोललेली मोटारसायकल

टपाल कचेरीत मिळणारे साधे पोस्टकार्ड घ्या. त्याची लांबी १४ सेंटिमीटर आणि रुंदी ९ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ १२६ चौरस सेंटिमीटर भरते. आता जवळजवळ तीनशे किलो वजनाची एक मोठी मोटारसायकल आणि तिच्यावर बसलेला स्वार डोळ्यांपुढे आणा. हे सगळे ओझे जमिनीला जेवढ्या जागेत टेकलेले असते, ती जागा दोन्ही चाकांची मिळून साधारण या पोस्टकार्डाएवढीच असते! अतिशयोक्ती वाटते? मग गणितच करून पाहू.

उदाहरणासाठी यामाहा कंपनीची एफजेआर १३०० ही मोटारसायकल घेऊ. ती २००१ साली युरोपात विक्रीस आली. अशा गाड्यांना ‘स्पोर्ट टूरिंग’ म्हणतात. शर्यतीच्या गाडीची चपळाई आणि दिवसाकाठी पाच-सहाशे किलोमीटर जाण्याइतका आराम, हे दोन्ही एकाच गाडीत साधण्याचा हा प्रयत्न. इंधनासह तिचे वजन सुमारे २९० किलो. स्वाराचे ८० किलो धरले तर एकूण ३७० किलो, म्हणजेच सुमारे ३६२६ न्यूटन बल. ते दोन्ही चाकांवर सारखे वाटले गेले असे मानू. प्रत्येक चाकाच्या वाट्याला १८१३ न्यूटन येतील. या गाडीच्या मागच्या टायरमध्ये हवेचा दाब २९० किलोपास्काल ठेवतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २९ न्यूटन. पुढच्यात २७० किलोपास्काल, म्हणजे २७ न्यूटन. भागाकार करा. मागे ६२.५ आणि पुढे सुमारे ६७ चौरस सेंटिमीटर! टायरच्या ताठ सांगाड्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा वेगळा येतो, पण पोस्टकार्डाचा अंदाज काही चुकत नाही.

गाडी पळवणे, थांबवणे आणि वळवणे ही तिन्ही कामे एवढ्याशा जागेतून होतात. म्हणून टायर झिजले की त्यांच्या जागी कोणते बसवायचे, हा प्रश्न अशा गाडीच्या मालकाला चांगलाच सतावतो. दुकानात एकाच मापाची दहा-बारा काळी कडी टांगलेली असतात. दिसायला सगळी सारखीच. निवड करायची कशाच्या आधारावर?

त्यासाठी आधी घर्षणाकडे वळले पाहिजे. फ्रेंच संशोधक अमाँताँ याने १६९९ साली मांडलेला नियम तुम्ही पाठ केला असेल: घर्षणबल हे पृष्ठभागांवरील लंब बलाच्या प्रमाणात असते आणि स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते. लाकडाच्या ठोकळ्याला हा नियम छान लागू पडतो. रबराला मात्र तो नीट लागू पडत नाही, आणि माझ्या मते ही गोष्ट शाळेतच सांगायला हवी. रबर मऊ असल्यामुळे ते डांबरी रस्त्यावरच्या बारीक खडीच्या उंचवट्यांभोवती अक्षरशः लपेटले जाते. जिथे खरोखर स्पर्श होतो तिथे रबराचे आणि दगडाचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. हे झाले आसंजन. जागा वाढली, दाब विभागला गेला, की रबराचा घर्षणांक वाढतो. शर्यतीच्या गाड्यांचे टायर रुंद असतात ते यामुळेच.

पकडीचे दुसरे कारण अधिक मजेदार आहे. रबराचा एक चेंडू एक मीटर उंचीवरून फरशीवर सोडा. तो उसळून ७० सेंटिमीटरपर्यंत आला, तर ३० टक्के ऊर्जा गेली कुठे? रबर दबताना जेवढी ऊर्जा घेते, तेवढी उलगडताना परत देत नाही. उरलेली उष्णतेच्या रूपाने आत मुरते. या गुणधर्माला हिस्टेरेसिस म्हणतात. टायर खडीवरून घसरू लागतो तेव्हा प्रत्येक खडा रबराला दाबतो आणि सोडतो. रबर उसळी देणारे असेल तर ते खड्याला जेवढे ढकलते तेवढेच परत ढकलले जाते, आणि घसरणे चालूच राहते. रबर ‘मेलेल्या’ चेंडूसारखे असेल तर ते ऊर्जा गिळते आणि घसरण्याला विरोध करते. रस्ता ओला झाला की पाण्याच्या थरामुळे आसंजन फारच कमी होते; तेव्हा स्वाराला मुख्य आधार उरतो तो याचाच.

मग सगळे टायर अशा ऊर्जा गिळणाऱ्या मऊ रबराचे का करीत नाहीत? कारण चाक फिरतानाही टायर दबतच असतो. या गाडीच्या मागच्या चाकाचा परीघ जवळजवळ दोन मीटर आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना ते सेकंदाला १४ फेरे घेते, आणि टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला १४ वेळा दबून सुटतो. रबर ऊर्जा गिळणारे असेल तर टायर तापतो आणि इंधन वाया जाते. मऊ असेल तर भराभर झिजतो. शर्यतीला जवळचे स्पोर्ट टायर काही हजार किलोमीटरांतच संपतात, तर लांब पल्ल्याच्या प्रवासाचे टायर त्याच्या दुप्पट किंवा अधिकही चालतात. पकड आणि टिकाऊपणा यांची ही ओढाताण टायरइतकीच जुनी आहे.

या ओढाताणीत रसायनशास्त्राने एक सुंदर वाट काढली. फेऱ्यांमुळे रबर सेकंदाला १४ वेळा दबते. खडीच्या बारीक टोकांमुळे मात्र ते सेकंदाला हजारो ते लाखो वेळा दबते. दोन्हींच्या वारंवारतेत एवढा फरक आहे. तेव्हा कमी वारंवारतेला ऊर्जा परत देणारे आणि जास्त वारंवारतेला ती गिळणारे रबर बनवले तर? रबराला बळकटी यावी म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यात काजळी मिसळत आले आहेत. टायरचा काळा रंग तिचाच. या काजळीचा मोठा भाग काढून त्या जागी सिलिका, म्हणजे वाळूचेच अतिसूक्ष्म रूप, रबराशी रासायनिक दुव्याने जोडली की हा दुहेरी गुण बराचसा साधतो. फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने मोटारींसाठी असे टायर १९९२ मध्ये बाजारात आणले. आज स्पोर्ट टूरिंग टायरांत सिलिका सर्रास असते, आणि पावसात हे टायर पुष्कळदा महागड्या स्पोर्ट टायरांपेक्षा सरस ठरतात, ते मुख्यतः तिच्यामुळे.

आता वळणाकडे येऊ. इटलीच्या उत्तरेस आल्प्स पर्वतात स्टेल्व्हिओ नावाची खिंड आहे. तिची उंची २७५७ मीटर, आणि प्राटो गावाकडून चढणाऱ्या घाटात तब्बल ४८ अवघड वळणे! युरोपातल्या मोटारसायकलस्वारांची ही पंढरीच. वळणावर स्वाराने किती कलायचे याचे सूत्र सोपे आहे. वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने आणि गुरुत्वत्वरणाने भागले की कलण्याच्या कोनाचा टॅन मिळतो. दहा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २५ किलोमीटर वेगाने हा भागाकार ०.४९ येतो, म्हणजे कोन सुमारे २६ अंश. खाली दरीतल्या ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ७२ किलोमीटरला तो ०.६८, म्हणजे ३४ अंश. हाच आकडा लागणारा किमान घर्षणांकही सांगतो. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षणांक १ च्या आसपास असतो, म्हणून ०.६८ निभावते. पाऊस आला की तो बराच खाली येतो, आणि तीच गाडी, तोच स्वार, तेच वळण असूनही वेग उतरवावाच लागतो.

पण या घाटापर्यंत पोहोचायला जर्मनीतल्या स्वाराला आधी शेकडो किलोमीटर सरळ महामार्ग तुडवावा लागतो. मोटारसायकलचा टायर कलता यावे म्हणून आडव्या छेदात गोल असतो. सरळ रस्त्यावर त्याचा फक्त मधला पट्टा घासला जातो आणि गोलाई जाऊन मधोमध सपाटी येते. असा टायर नेमका घाटात दगा देतो: कलताना सपाट भागाच्या कडेवर येताच गाडी एकदम पडल्यासारखी वाटते. यावर उपाय म्हणजे एकाच टायरमध्ये दोन प्रकारचे रबर, मध्ये कठीण आणि दोन्ही बगलांना मऊ. सरळ रस्त्यावर कठीण पट्टा टिकतो, वळणावर मऊ बगला धरून ठेवतात.

अमेरिकेतील काही प्रवासी मंडळी तर झिजेला कंटाळून मागच्या चाकाला चक्क मोटारगाडीचा टायर बसवतात. तो कितीतरी जास्त टिकतो, हे खरे. पण सपाट टायरवर गाडी कलवली की ती त्याच्या कडेवर उभी राहते, आणि चाकाच्या रिंगणावर तो बसवण्याची कड मोटारसायकलसाठी आखलेली नसते. टायर बनवणारे याला साफ नकार देतात, आणि मला त्यांचेच म्हणणे पटते. नुसत्या ऐटीसाठी १८० ऐवजी १९० मापाचा टायर चढवणाऱ्यांचीही तीच गत. रिंगणाला न साजणारा टायर चिमटल्यासारखा बसतो, त्याची गोलाई बिघडते. शिवाय टायर जितका रुंद, तितके त्याच वळणावर गाडीला थोडे अधिकच कलावे लागते.

तर माप कसे वाचायचे? आपल्या उदाहरणातल्या मागच्या टायरवर १८०/५५ झेडआर १७ आणि पुढे ७३ डब्ल्यू असे लिहिलेले असते. १८० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ५५ म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे ९९ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, ज्याच्या सांगाड्याचे दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात. १७ हा रिंगणाचा व्यास इंचांत. एकाच अक्षरमालिकेत मिलिमीटर, टक्के आणि इंच! तुमच्या उत्तरपत्रिकेत असे केलेत तर आम्ही गुण कापू. ७३ हा भाराचा निर्देशांक, त्याचा अर्थ ३६५ किलो. पुढच्या टायरवरचा ५८ म्हणजे २३६ किलो. डब्ल्यू म्हणजे कमाल वेग ताशी २७० किलोमीटर. कंपनीने ठरवून दिलेल्या आकड्यांपेक्षा भार किंवा वेग कमी असलेला टायर कधीही घेऊ नये. काही टायर त्याच नावाने आणि त्याच मापात दोन प्रकारे मिळतात. मिशलँच्या रोड मालिकेत जड गाड्यांसाठी ‘जीटी’ अक्षरे लावलेला टायर येतो. त्याचा सांगाडा अधिक ताठ असतो. तीनशे किलोच्या गाडीला, त्यातून मागे जोडीदार आणि सामान असताना, तोच योग्य.

टायरवरच्या खाचांविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. खाचा जास्त म्हणजे पकड जास्त, असे अनेकांना वाटते. कोरड्या रस्त्यासाठीच्या शर्यतीच्या टायरला खाचा मुळीच नसतात. खाचा असतात त्या पाणी बाजूला काढण्यासाठी. म्हणूनच त्यांच्या खोलीवर कायद्याचे लक्ष असते. ब्रिटनमध्ये मोटारसायकलला किमान १ मिलिमीटर, जर्मनीत १.६ मिलिमीटर. गोटा झालेल्या टायरने पावसात निघणे म्हणजे पोस्टकार्ड आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा कागद सरकवण्यासारखे आहे.

टायर कितीही उत्तम घेतला तरी हवेचा दाब चुकला की सारे व्यर्थ. दाब कमी असेल तर टायर जास्त दबतो, जास्त ऊर्जा गिळतो, जास्त तापतो. दाब नेहमी थंड टायरमध्येच मोजायचा, याचे कारण तुम्हीच काढू शकाल. २० अंश सेल्सियसला २७० किलोपास्काल दाखवणाऱ्या टायरमधला निरपेक्ष दाब, वातावरणाचा धरून, सुमारे ३७० किलोपास्काल असतो. टायर ५० अंशांपर्यंत तापला तर ३७० ला ३२३ ने गुणून २९३ ने भागा. ४०८ येतात, म्हणजे दाबमापकावर ३०८. मुक्कामी पोहोचताच हा आकडा पाहून कोणी हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर चांगलाच मोकळा सापडेल.

पैसे मोजण्यापूर्वी टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार अंक शोधावेत. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन यांमुळे रबर न वापरताही हळूहळू कडक होते, त्यामुळे स्वस्त मिळणारा जुना माल नीट पाहून घ्यावा. पुढचा आणि मागचा टायर एकाच बनावटीचा जोडीने बसवणे चांगले, कारण दोन्हींची गोलाई एकमेकांना जुळवून आखलेली असते. आणि नव्या टायरचा पृष्ठभाग साच्यातून निघतो तेव्हा गुळगुळीत असतो. पहिले दीडशे-एक किलोमीटर फार न कलता, ब्रेक हलक्या हाताने लावत काढावे लागतात, मग तो रस्ता धरू लागतो.