इंजिन किती वर्षं टिकतं?

आजच्या विषयामागे ऑस्ट्रेलियातल्या एका श्रोत्या आजींनी पाठवलेला प्रश्न आहे. त्यांचा नातू पाच वर्षांचा. शेजारी वीस वर्षं जुनी यामाहा पीडब्ल्यू ५० विकायला काढलीय, लहान मुलांनी मातीत चालवायची ती छोटी मोटारसायकल. आजींनी विचारलंय, ‘तुम्ही कार्यकारणभावावर इतकं बोलता, तर सांगा, हे इंजिन अजून किती वर्षं टिकेल?’ प्रश्न खोचक आहे, पण चांगला आहे.

आधी यंत्राची ओळख. पीडब्ल्यू ५० बाजारात आली १९८१ च्या सुमारास, आणि आजही जवळजवळ त्याच रूपात बनते. ४९ सीसीचं, हवेनं थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन; गिअर बदलायचे नाहीत, चेन नाही, मागच्या चाकाला शाफ्टनं गती. अ‍ॅक्सिलरेटर किती उघडावा यावर बंधन घालणारा एक स्क्रू असतो, त्याची किल्ली मोठ्यांच्या हाती. स्पर्धेसाठी बनवलेल्या ५० सीसीच्या गाड्या वेगळ्या. त्यांच्या देखभालीचा हिशेब तासांत मांडतात आणि पिस्टन ही तिथे वरचेवर बदलायची वस्तू असते. या दोन जातींची तुलना करून ‘टू-स्ट्रोक टिकत नाही’ किंवा ‘टू-स्ट्रोक मरतच नाही’ असं म्हणणारे दोघेही अर्धंच बोलतात.

आता प्रश्नातला ‘वर्षं’ हा शब्द बघा. वीस वर्षांतली अठरा गाडी शेडमध्ये उभी असेल, तर तिचं वय किती? इंजिनाची झीज घड्याळाच्या तासांनी होते, आणि तेही ते चालू असतानाच्या. एक साधा गुणाकार करू. या इंजिनाचा व्यास ४० मिलिमीटर आणि स्ट्रोक ३९.२ मिलिमीटर. म्हणजे एका फेऱ्यात पिस्टन वर-खाली मिळून ७८.४ मिलिमीटर घासतो. मिनिटाला ५००० फेरे धरले, तर तासाला साडेतेवीस किलोमीटर! अंगणात घिरट्या घालणाऱ्या नातवाच्या गाडीचा पिस्टन आतल्या आत, चार सेंटिमीटरच्या नळीत, तासाला एवढं अंतर घासून काढतो.

हे सगळं सरकणं तेलाच्या एका पातळ थरावर चाललेलं असतं. फोर-स्ट्रोकमध्ये खाली तेलाचं भांडं असतं, तेच तेल पुन्हा पुन्हा फिरतं. टू-स्ट्रोकमध्ये तसं भांडं नसतं, कारण खालची क्रँककेस पंपाचं काम करते. पिस्टन वर गेला की खाली पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढलं जातं, खाली आला की तेच दाबलं जाऊन वर सिलिंडरमध्ये जातं. तेल या मिश्रणाबरोबरच येतं, बेअरिंगला आणि सिलिंडरला लागतं, आणि जळून धूर होऊन जातं. ज्यांनी बजाज चेतक वापरली, त्यांना पंपावर पेट्रोलात टूटी ऑइल घालून घेतल्याचं आठवत असेल. यामाहानं १९६४ मध्ये ऑटोल्यूब ही वेगळ्या पंपाची सोय आणली. पीडब्ल्यू ५० मध्ये तीच आहे: तेलाची टाकी वेगळी, पेट्रोलची वेगळी.

आता धूळ. फोर-स्ट्रोकमध्ये फिल्टरमधून निसटलेली धूळ आधी सिलिंडरमध्ये जाते. इथे ती आधी क्रँककेसमध्ये शिरते, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगांना भेटून मग वर जाते. वाळूतलं क्वार्ट्‌झ लोखंडापेक्षा कठीण असतं. म्हणून मातीत चालणाऱ्या टू-स्ट्रोकचं आयुष्य खरं तर एका तेल लावलेल्या फोमच्या तुकड्यावर अवलंबून असतं. तो फोम जुना झाला की नुसत्या बोटांनी भुगा होतो. वीस वर्षांच्या गाडीत मी पहिल्यांदा तेच बघायला सांगेन.

पण धूळ ही असलेली गोष्ट आहे. ती बोटाला लागते, दिसते. या इंजिनाचं मोठं संकट आहे नसलेल्या गोष्टीचं: तेलाचं नसणं, पेट्रोलचं कमी पडणं. वैशेषिकांनी ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मानला, तेव्हा अनेकांना ते शब्दांचं अवडंबर वाटलं. मेकॅनिकला ते मुळीच वाटणार नाही. कुमारिल भट्टांची परंपरा आणखी पुढे जाते. अभाव कळायला ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण आहे असं ती म्हणते, पण एक अट घालते. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर घडा दिसत नाही, तर घडा नाही. अंधारात दिसत नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

हीच अट इंजिनाला लावा. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. बहुतेक इंजिनांत एका बाजूला मॅग्नेटो, दुसऱ्या बाजूला क्लच आणि त्याचं तेल. क्लचच्या बाजूचा सील गेला तर ते तेल आत ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून भरपूर पांढरा धूर येतो. मॅग्नेटोच्या बाजूचा गेला तर आत येते हवा. हवेला रंग नाही. उलट मिश्रणात पेट्रोल कमी पडल्यामुळे गाडी काही काळ चपळ वाटते! मग उष्णता वाढते, पिस्टन फुगतो आणि इंजिन सीज होतं. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडरचा आतला पृष्ठभाग बिडाचा, आणि अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. दोघांतली फट मात्र मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. म्हणूनच थंड इंजिन किक मारल्याबरोबर जोरात पळवू नये. गिअरच्या गाडीत असं झालं तर मागचं चाकच अडकतं. इथला सेंट्रिफ्युगल क्लच बहुधा सुटतो, हे लहान मुलाच्या दृष्टीनं फार मोलाचं.

मग विकणारा म्हणाला, ‘धूर नाही, गळती नाही, एका किकमध्ये सुरू होते’, तर ती अंधारातली अनुपलब्धि झाली. उजेड पाडायचा तर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये अगदी कमी दाबाची हवा भरतात आणि दाब उतरतो का ते बघतात. सीलजवळ साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. दाब जास्त नको, नाहीतर चांगले सीलही बाहेर येतील. उभ्या राहिलेल्या गाडीत रबर कडक होतं, म्हणून कमी वापर म्हणजे चांगली गाडी हा हिशेब इथे फसतो.

तेल जास्त घातलं तर बरं, असंही लोक म्हणतात. मिसळून चालवायच्या गाडीत ते उलटतं. तेलानं पेट्रोलची जागा घेतली की कार्ब्युरेटरच्या त्याच छिद्रातून पेट्रोल कमी जातं. चाळीसास एक प्रमाण असेल तर लिटरला २५ मिलिलिटर, इतकंच. काही पालक ऑटोल्यूबचा पंपच काढून टाकतात, बंद पडेल या भीतीनं. मला हे पटत नाही. पंप बंद पडण्यापेक्षा रविवारी सकाळी घाईत माणूस तेल मिसळायला विसरण्याची शक्यता मला जास्त वाटते.

आणि बोअर-पिस्टनचं काम निघालं म्हणजे गाडी संपली असं नाही. सिलिंडरमध्ये बिडाचा लायनर असला की बोअरिंग करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन टाकता येतो, पुढे अर्धा. स्पर्धेच्या बऱ्याच गाड्यांत सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो, तिथे हे सरळ जमत नाही.

तेव्हा आजी, वर्षं विचारू नका. फिल्टरचा फोम चिमटून बघा. तेलाची टाकी रिकामी होती का, विचारा. हवेच्या दाबाची चाचणी करायला विकणारा तयार नसेल, तर दोन नवे सील आणि ते बसवण्याची मजुरी किमतीतून वजा करून मागा. गाडी घरी आली की फोम आणि सील बदलून घ्या. आणि तो स्क्रू निदान पहिला उन्हाळा तरी आत फिरवलेलाच ठेवा.