विश्लेषण : जुन्या घराची सेप्टिक टाकी नेमकी कुठे? अंगण फोडण्याआधी ती कशी शोधायची?

जुने घर विकत घेतले, वडिलोपार्जित घराचा हिस्सा वाट्याला आला किंवा गावच्या घराची डागडुजी काढली, की एक प्रश्न हमखास निघतो. संडासाची टाकी आहे कुठे? घर बांधणारी पिढी आता नाही, गवंडी कोण होता ते कुणाला आठवत नाही आणि अंगणात मधल्या काळात कधी कोबा झाला, कधी पेव्हर ब्लॉक बसले. टाकी तुंबल्यावर सक्शनची गाडी दारात येते, पण झाकणच सापडत नाही. मग कोणीतरी पहार घेते आणि अंदाजाने अंगण फोडायला सुरुवात होते.

हा अंदाज महागात पडू शकतो. प्रश्न चार फरश्या फुटण्याचा नाही. जुन्या टाकीचा स्लॅब कधी खचेल याचा भरवसा नसतो आणि आत साचलेला वायू काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. त्यामुळे टाकी शोधायची कशी, उघडायची कशी आणि काय अजिबात करायचे नाही, हे समजून घेऊया.

टाकी ‘हरवते’ कशी?

भुयारी गटार नसलेल्या गावांत आणि शहरांच्या वाढीव भागांत घरोघरी सेप्टिक टाकी असते. वर स्लॅब किंवा शहाबादी फरशी, त्यावर वीतभर माती. वर्षानुवर्षे उपसा झाला नाही की झाकण मातीखाली जाते. काही ठिकाणी नंतर गटाराची लाइन येते, घराचे कनेक्शन तिकडे वळवले जाते आणि जुनी टाकी न भरता तशीच सोडली जाते. पुढे त्याच जागेवर गाडी उभी राहते, तुळशीवृंदावन येते किंवा एखादी खोली वाढवली जाते.

धोका वरून दिसत नाही, कारण स्लॅब आतून खराब होतो. मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू स्लॅबच्या ओल्या खालच्या बाजूला लागतो. तिथले जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्लात रूपांतर करतात. हे आम्ल सिमेंट खाते, मग सळया गंजतात. वरून कोबा ठणठणीत दिसत असला तरी खाली जाडी निम्मीही उरलेली नसेल. जमीन थोडी दबलेली दिसली किंवा पाय आपटल्यावर पोकळ आवाज आला, तर तिथे गाडी लावणे आणि मुलांनी खेळणे आधी थांबवा.

आधी कागद, मग कुदळ

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर टाकी सापडणार नाही. त्यात जमिनीचे क्षेत्र आणि हक्क असतात. पाहायचा तो मंजूर बांधकाम नकाशा. नगरपालिका किंवा महापालिका हद्दीतील घर असेल तर साइट प्लॅनवर टाकी आणि शोषखड्डा चौकोनाने किंवा गोलाने दाखवलेला असू शकतो. घरात नकाशा नसेल तर नगररचना किंवा बांधकाम विभागात नकलेसाठी अर्ज करता येतो, माहिती अधिकाराचाही मार्ग आहे.

नकाशात दाखवली तिथेच टाकी बांधली असेल असे मात्र नाही. जागेवर खडक लागला की गवंडी टाकी दोन-चार फूट सरकवतो. त्यामुळे नकाशावरून घराची कोणती बाजू ते ठरवा, नेमकी जागा पुढच्या पायऱ्यांनी शोधा. घर पूर्वी कोणाचे होते ते माहीत असेल तर जुन्या मालकांना आणि शेजाऱ्यांनाही विचारा. मागच्या वेळी गाडीचा पाइप कुठे टाकला होता, हे शेजारच्या आजींना नकाशापेक्षा जास्त पक्के आठवत असते.

पाइप कुठे जातो ते बघा

टाकी संडासाच्या पाइपलाच जोडलेली असणार. त्यामुळे शोधाची सुरुवात अंगणातून नव्हे, संडासाच्या मागच्या भिंतीपासून करा. चार इंची पाइप भिंतीबाहेर कुठे निघतो, कोणत्या दिशेला जातो आणि पहिले चेंबर कुठे आहे ते पाहा. चेंबरचे झाकण उघडले की पाइपचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते दिसते. चेंबरमध्येही वायू असू शकतो, त्यामुळे आत वाकू नका. उभ्यानेच टॉर्च मारा.

अंगणात दोन-तीन चेंबर असतील तर संडासाचे कोणते आणि मोरीचे कोणते, हे ओळखण्यासाठी बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग मिसळून संडासात ओता. रंग ज्या चेंबरमध्ये उतरतो, ती आपली लाइन.

दुसरी खूण म्हणजे वायू बाहेर सोडणारा उभा पाइप, ज्याला बरेच जण गॅस पाइप म्हणतात. सेप्टिक टाकीसाठी भारतीय मानक ‘आयएस २४७०’ आहे. त्यानुसार हा पाइप किमान ५० मिलिमीटर व्यासाचा हवा आणि टाकी इमारतीच्या जवळ असेल तर त्याचे टोक इमारतीपेक्षा २ मीटर उंच हवे. भिंतीला टेकून गच्चीच्या वर गेलेला, वर जाळी असलेला पाइप दिसला तर तो जमिनीत कुठे शिरतो ते पाहा. मात्र काही घरांत असा पाइप संडासाच्या लाइनवरही असतो, म्हणून एकट्या त्यावर विसंबू नका.

किती लांब, किती खोल?

शेवटच्या चेंबरमधून प्लंबरची स्प्रिंग टाकीच्या दिशेने सरकवा. टाकीत शिरणाऱ्या पाइपला आत ‘टी’ बसवलेला असतो किंवा समोर आडभिंत असते. स्प्रिंग तिथे अडते. आत गेलेली लांबी मोजली की अंतर मिळते. वाटेत वळण किंवा तुंबा असेल तर ती आधीच अडेल. त्यामुळे दोन-तीनदा करून पाहा आणि दरवेळी तेवढीच लांबी येते का ते तपासा.

खोलीचे गणित सोपे आहे. समजा, चेंबरमध्ये पाइपचा तळ जमिनीपासून ४५ सेंटिमीटर खाली आहे आणि स्प्रिंग ८ मीटरवर अडते. चार इंची पाइपला साधारण ४० मीटरला १ मीटर उतार धरला, तर ८ मीटरमध्ये पाइप २० सेंटिमीटर खाली जाईल. म्हणजे टाकीच्या तोंडाशी तो ६५ सेंटिमीटर खोल असेल. टाकीत पाण्याच्या वर साधारण ३० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवतात आणि पाइपचा तळ पाण्यापेक्षा थोडा वर असतो. त्यामुळे स्लॅबची खालची बाजू पाइपच्या तळापेक्षा सुमारे २५ सेंटिमीटर वर येते. त्यात स्लॅबची १० सेंटिमीटर जाडी धरली, तर स्लॅबचा माथा जमिनीखाली ३० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम फूटभर खाली सापडेल. हे सगळे अंगण सपाट असेल तरच लागू. मधे भराव टाकला असेल तर तो यात मिळवा.

आकाराचाही अंदाज बांधता येतो. मानकानुसार पाच माणसांच्या घराची टाकी आतून साधारण दीड मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद असते. वीस माणसांसाठी ती २.३ मीटर बाय १.१ मीटर होते. जुन्या टाक्या या मापातच असतील असे नाही, पण एक कड सापडली की दुसरी कुठपर्यंत शोधायची हे कळते.

जमीन काय सांगते?

टाकी आणि शोषखड्डा यांच्या खुणा वेगळ्या असतात. अनेकांची गल्लत इथेच होते. टाकीच्या स्लॅबवर मातीचा थर पातळ असतो, त्यामुळे उन्हाळ्यात तिथले गवत आधी वाळते आणि चौकोनी कोरडा पट्टा दिसतो. शोषखड्ड्यात मात्र टाकीतून आलेले पाणी मुरते. तिथे भर एप्रिलमध्येही हिरवळ असते, केळ आणि अळू जोमाने वाढतात. म्हणजे हिरवी जागा दिसली तर टाकी बहुधा तिच्या आणि घराच्या मधे आहे.

पहिल्या पावसानंतर एकाच जागी जमीन दबणे आणि पाणी चटकन गायब होणे हीसुद्धा खूण आहे. ती धोक्याचीही आहे.

सळईने चाचपणी कशी करायची?

जागा दोन-तीन मीटरच्या टप्प्यात आली की १० किंवा १२ मिलिमीटरची सळई घ्या. माती आदल्या दिवशी पाणी मारून भिजवा. फूट-फूट अंतरावर सळई हाताने दाबत न्या, घणाने ठोकू नका. सगळीकडे ठरावीक खोलीवर ‘टक्’ करून ती अडायला लागली आणि एका रेषेपलीकडे सरळ खाली गेली, तर ती रेषा म्हणजे स्लॅबची कड. चारही कडा चुन्याने आखा.

त्याआधी वीज, पाणी आणि पाइप गॅसची लाइन कुठून गेली आहे याची खात्री करा. पायाखाली जाड फळी टाकून त्यावर उभे राहा, म्हणजे वजन विभागले जाते. एकट्याने हे काम करू नका.

मोबाइल अ‍ॅप, कॅमेरा, रडार : किती उपयोग?

फोनवरील ‘मेटल डिटेक्टर’ अ‍ॅप फोनच्या चुंबकीय सेन्सरवर चालतात. काही सेंटिमीटरवरचे लोखंड ते दाखवतील, पण फूटभर मातीखालच्या सळयांसाठी त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. साध्या डिटेक्टरला बिडाचा पाइप सापडू शकतो. चिनी मातीचा किंवा पीव्हीसीचा सापडत नाही.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पाइपात सोडायचा कॅमेरा. त्याच्या टोकाला सिग्नल देणारा ट्रान्समीटर असेल तर वरून यंत्र फिरवून जागा थेट जमिनीवर खुणावता येते. अंगणात महागडी फरशी असेल तर हा खर्च फोडाफोडीपेक्षा परवडू शकतो. जमिनीत लहरी सोडून शोध घेणारे रडारही असते. पण चिकणमातीत त्या लहरी लवकर विरतात, त्यामुळे आपल्याकडच्या काळ्या मातीत त्याची मर्यादा लक्षात घ्या.

झाकण सापडले, आता पुढे?

इथून पुढचे काम यांत्रिक उपसा करणाऱ्यांचे आहे. झाकण बाजूला उभे राहून, लांब पहारेने सरकवायचे. जवळपास विडी, काडी, लायटर नको, कारण मिथेन पेट घेतो. आत डोकावायचे नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाला तो जाणवेनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजणे म्हणूनच जीवघेणे आहे.

विहिरीत उतरण्याआधी दिवा सोडून पाहण्याची जुनी पद्धत इथे मुळीच वापरू नका. दिवा फार तर प्राणवायूचा अंदाज देतो, विषारी वायूचा नाही. शिवाय मिथेन असेल तर स्फोट होऊ शकतो.

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजुरांचा मृत्यू झाला. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातील वाकडी येथे बायोगॅसची स्लरी साठलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला, मग त्याला वाचवायला दुसरा. अशा रीतीने पाच जण गेले. कोणी आत पडले तर मागोमाग उतरू नका. ११२ किंवा १०१ वर फोन करा.

कायदा काय सांगतो?

हाताने मैला उचलण्याच्या कामास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा केवळ पालिकेला नाही, घरमालकालाही लागू आहे. ठरवून दिलेली सुरक्षा साधने आणि खबरदारी न घेता कोणाला टाकी साफ करायला लावल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा मृत्यूंसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. ‘तो स्वतःच उतरतो म्हणाला’ म्हणून जबाबदारी टळत नाही. उपशासाठी पालिकेच्या किंवा परवानाधारक गाडीलाच बोलवा. शहरी भागासाठी १४४२० ही हेल्पलाइनही आहे.

टाकी वापरात नसेल तर?

रिकामी जुनी टाकी तशीच झाकून ठेवू नका. आधी पूर्ण उपसा, मग जुने पाइप बंद करणे, तळाला भोके पाडून पाणी साचणार नाही अशी सोय, स्लॅब फोडणे आणि शेवटी मुरूम किंवा वाळू थराथराने दाबून भरणे, असा क्रम असतो. हे सगळे यंत्राने, वरूनच करून घ्यायचे. आत माणूस उतरवायचा नाही.

टाकी वापरात असेल तर दर दोन-तीन वर्षांनी उपसा करा. घरची विहीर किंवा बोअर किती लांब आहे तेही मोजा. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर दूर असावा, असे मानक सांगते. अंतर कमी भरले तर पाणी तपासून घ्या.

शेवटचे काम पाच मिनिटांचे आहे. घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून झाकणापर्यंतची अंतरे टेपने मोजा, कागदावर आकृती काढा आणि झाकण उघडे दिसत असतानाच, लांबून, फोटो घ्या. आकृती घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा आणि फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. पुढच्या वेळी गाडी येईल तेव्हा तुम्ही घरी नसलात, तरी झाकण कुठे आहे ते घरातल्या कुणालाही दाखवता येईल.