माणसाची पारख कशी करावी?

देवणी जातीचा बैल विकत घेताना आपल्याकडचा शेतकरी काय करतो, हे शिरूर अनंतपाळच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. तो दात पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो. पण तेवढ्यावर पैसे मोजीत नाही. "जरा औताला जुंपून दाखवा," म्हणतो. शिवाय दोन जाणती माणसे बरोबर नेतो, कारण एकट्याची नजर फसते. बैलाच्या बाबतीत आपण एवढी काळजी घेतो. आणि माणसाला बढती देताना काय होते? दहा मिनिटांची मुलाखत, नाहीतर साहेबाच्या मनात आधीच बसलेला ग्रह!

या दोषावर उपाय म्हणून जी रीत निघाली तिला 'असेसमेंट सेंटर', म्हणजे मूल्यमापन केंद्र, असे नाव आहे. नावात केंद्र असले तरी ती इमारत नव्हे. ज्या जागेवर माणूस नेमायचा, तिथे रोज कोणती कामे पडतात ते आधी ठरवायचे. त्या कामांचे लहान नमुने तयार करायचे. उमेदवारांना एक-दोन दिवस ते नमुने करावयास लावायचे. शिकवून तयार केलेल्या अनेक परीक्षकांनी ते पाहायचे, लिहून ठेवायचे आणि मग एकत्र बसून निर्णय घ्यायचा. सारे मर्म एवढ्यातच आहे.

या रीतीचा जन्म कारखान्यात नव्हे, सैन्यात झाला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मन सैन्याने अधिकारी निवडण्याच्या कामी मानसशास्त्रज्ञ नेमले. ब्रिटनमध्ये १९४२ साली अशी निवड मंडळे स्थापन झाली. तिथे बायन नावाच्या डॉक्टराने एक नवी कसोटी आणली. गटाला काम द्यायचे, पण नायक नेमायचा नाही. पुढे कोण येतो आणि इतरांना बरोबर कसा घेतो, ते पाहायचे. १९४३ साली हीच पद्धत देहरादूनला आली, आणि आपल्या सैन्याची निवड मंडळे आजही तिच्यावर चालतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराला लेखी परीक्षेनंतर या मंडळासमोर उभे राहावे लागते. तिच्या तयारीसाठी राज्य सरकारने १९७७ साली आपल्या मराठवाड्यातच, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली.

ही परीक्षा पाच दिवस चालते. चित्र दाखवून गोष्ट लिहावयास सांगतात. एकामागून एक साठ शब्द दाखवतात आणि प्रत्येकावर मनात येईल ते पंधरा सेकंदांत लिहायचे असते. मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे घेऊन गटाने अडथळे ओलांडायचे असतात. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा आणि मैदानावरचा अधिकारी हे तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. मनसा, वाचा, कर्मणा या आपल्या जुन्या शब्दांत या तिघांची वाटणी सांगितली जाते.

सैन्यातून ही रीत उद्योगात गेली. अमेरिकेतील टेलिफोन कंपनीत डग्लस ब्रे यांनी १९५६ साली तिचा अभ्यास आरंभला. त्यांनी निकाल वर्षानुवर्षे कंपनीपासून लपवून ठेवले. साहेबांना ते कळले असते तर 'हुशार' ठरलेल्यालाच त्यांनी वर काढले असते आणि भाकीत आपोआप खरे ठरले असते. पुढे १९५८ साली मिशिगनच्या टेलिफोन कंपनीने हीच रीत कामगारांतून मुकादम निवडण्यासाठी वापरली. उद्योगातला तिचा पहिला उपयोग कामगाराच्या बढतीसाठी झाला, हे मला महत्त्वाचे वाटते.

मुकादमाच्या जागेसाठी नमुना कसा असतो? उमेदवारापुढे टपालाचा गठ्ठा ठेवतात. एक यंत्र बंद पडले आहे, दोघे रजेवर आहेत, एका कामगाराची तक्रार आहे, वरून तातडीचा निरोप आला आहे. कोणते काम आधी, कोणते कोणाकडे, हे तासाभरात लिहायचे आणि मग कारण सांगायचे. परीक्षकाला 'हा उद्धट आहे' असे लिहिण्याची मुभा नाही. 'दुसरा बोलत असता याने तीनदा मध्येच तोडले' असे त्याने लिहावे. डोळ्यांनी पाहिलेले आधी, मत नंतर.

आता माझ्या बाजूचे सांगतो. आम्ही युनियनवाले वर्षानुवर्षे बढतीत ज्येष्ठतेचा आग्रह धरीत आलो. ज्येष्ठ तो शहाणाच असतो असे आम्हांला वाटत होते म्हणून नव्हे. साहेबाची मर्जी बदलते, पण कॅलेंडर खोटे बोलत नाही, एवढाच त्यामागचा हिशेब होता. त्या हिशेबात एखादा कर्तबगार तरुण मागे राही, हे मी कबूल करतो.

पण नव्या रीतीचाही एक अनुभव आहे. एका कारखान्यात सुपरवायझरच्या जागेसाठी अशी चाचणी झाली. गटाची चर्चा इंग्रजीत होती. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा आमचा फिटर दोन तास गप्प बसला आणि कागदावर शेरा आला, 'पुढाकार नाही.' त्या जागेवर रोज बोलायचे होते मराठीत, मराठी माणसांशी! कामाचा नमुना म्हणून जे मांडले, तो कामाचा नमुनाच नव्हता. अठरा वर्षे काम केलेल्या त्या माणसाने मला विचारले, "मी कुठे चुकलो, ते तरी सांगतील का?" कोणी सांगितले नाही.

या रीतीची नजरही अचूक नाही. १९८७ साली पन्नास अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा निकालाचा पुढील कामगिरीशी मेळ ०.३७ इतका आला. पूर्ण मेळ असता तर तो १ आला असता. नंतरच्या एका पडताळ्यात तो याहूनही कमी भरला. म्हणजे अंदाज उपयोगी खरा. पण तो ललाटलेख नव्हे.

न्यायालयांनीही या दिशेने पावले टाकली आहेत. दोन-तीन मिनिटांत उरकलेल्या मुलाखतींना तिसरा हिस्सा गुण देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली अजय हासिया खटल्यात मनमानी ठरवली. २००८ साली देवदत्त खटल्यात सांगितले, की सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद त्याला कळवली पाहिजे.

म्हणून अशा चाचणीला सरसकट विरोध करू नये, असे मी माझ्या सोबत्यांना सांगतो. मागण्या मात्र चार कराव्यात. नमुने त्याच जागेच्या कामातून आणि त्याच कामाच्या भाषेत असावेत. परीक्षक एकाहून अधिक आणि शिकवलेले असावेत. उमेदवाराने प्रत्यक्ष कामावर घालवलेली वर्षेही हिशेबात घ्यावीत. आणि निकालाची कारणे त्याला समोर बसवून सांगावीत, त्याचे म्हणणे ऐकावे.

बैल जुंपून पाहावा, हे शेतकऱ्याचे शहाणपण खरे. पण बाजारात न विकला गेलेला बैल 'का नाही' असे विचारीत नाही. माणूस विचारतो, आणि त्याला उत्तर मिळालेच पाहिजे.