रावळगावचा शिल्पकार आणि स्वदेशी आगबोट

समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे वसलेल्या नाशिक जिल्ह्याचा आगबोटींशी काय संबंध, असा प्रश्न कोणासही पडेल. परंतु मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे ज्या उद्योजकाने १९३३ साली ऊसशेती व साखरधंद्याची उभारणी केली, त्याच शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव भारतीय नौकानयनाच्या इतिहासातही अग्रभागी आहे. ओझर येथे विमाने बांधणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मूळही त्यांनी १९४० साली बंगलोर येथे स्थापन केलेल्या विमान कारखान्यात सापडते.

सोलापूर येथे १८८२ साली जन्मलेल्या वालचंदांनी उमेदवारी केली ती रेल्वेच्या कंत्राटांत. जहाजांचा व्यवसाय त्यांना सर्वस्वी नवा होता आणि त्यातील धोकेही उघड होते. जमशेटजी टाटांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडील मालवाहतुकीसाठी स्वतंत्र जहाजे चालवून पाहिली. चिदंबरम् पिळ्ळै यांनी १९०६ साली तुतिकोरिन येथे स्वदेशी कंपनी काढली. हे दोन्ही प्रयत्न परक्या कंपन्यांच्या स्पर्धेपुढे टिकू शकले नाहीत.

ही स्पर्धा कशी चाले, हे समजून घेणे उद्‍बोधक आहे. नवी कंपनी पाण्यात उतरली की प्रस्थापित कंपन्या आपले दर एकदम खाली आणीत. मोठ्या भांडवलाच्या बळावर त्या तोटा सोसू शकत. नव्या कंपनीचे मात्र कंबरडे मोडे. दुसरे साधन अधिक सूक्ष्म होते. वर्षानुवर्षे आपल्याच जहाजांतून माल धाडणाऱ्या व्यापाऱ्यास भाड्याचा काही भाग परत देण्याचे आश्वासन असे. परंतु ही रक्कम तत्काळ न देता काही महिने राखून ठेवली जाई. मधल्या काळात त्याने एकदा जरी दुसऱ्या कंपनीच्या जहाजाने माल पाठविला, तरी साठलेल्या सवलतीवर त्यास पाणी सोडावे लागे. मनात स्वदेशीचा कितीही अभिमान असला, तरी अशा व्यापाऱ्याचे हात बांधलेले असत.

या परिस्थितीत १९१९ साली वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. तिचे पहिले जहाज 'लॉयल्टी' हे मूळचे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. कॅनडातील सरोवरांवर आणि महासागरांवर अशा दोन्ही ठिकाणी जहाजे चालविणाऱ्या त्या कंपनीने ते व्हँकूव्हर ते हाँगकाँग या मार्गासाठी बांधून घेतले होते. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी ते विकत घेऊन रुग्णालय-जहाज म्हणून दिले. त्यांच्याकडूनच ते नव्या कंपनीकडे आले आणि कंपनीस शिंदे घराण्याचे नाव मिळाले. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. जहाज जुने होते. १९२३ साली ते मोडीत काढावे लागले. त्याच वर्षी कंपनीस परक्या स्पर्धकांशी करार करून आपल्या जहाजांच्या टनभारावर दहा वर्षांची मर्यादा पत्करावी लागली. हा करार मानहानीकारक होता, पण त्यामुळे कंपनी जगली.

पुढे कोकण किनाऱ्यावर बोटी चालविणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही सिंदियाच्या छत्राखाली आली. या बोटींनीच दाभोळ, रत्नागिरी, मालवणचा चाकरमानी मुंबईस पोहोचत असे. अनेक बंदरांत धक्का नसल्याने पडावातून बोटीपर्यंत जावे लागे.

केवळ जहाजे चालवून भागणार नाही, ती बांधता आली पाहिजेत, हे वालचंदांनी ओळखले होते. विशाखापट्टणम येथील गोदीची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. पुढील वर्षी त्या बंदरावर जपानी बाँब पडले, तरी काम सोडून देण्यात आले नाही. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी तेथे बांधलेले आठ हजार टनांचे 'जलउषा' हे जहाज समुद्रार्पण केले. १९५२ पासून ही गोदी हिंदुस्थान शिपयार्ड म्हणून सरकारी क्षेत्रात आली. स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यावरील वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्यात आली. ज्या संरक्षणावाचून आधीच्या कंपन्या बुडाल्या, ते अखेर मिळाले.

वालचंद १९५३ साली निवर्तले. वाफेची इंजिने गेली, सिंदियाची जहाजेही आता सागरावर दिसत नाहीत. परंतु 'लॉयल्टी'च्या प्रस्थानाचा ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. एक जुने जहाज चार वर्षांत मोडीत निघाले. पण त्याने खुली केलेली वाट पुन्हा बंद झाली नाही.