गाजरगवत आणि मुलांची शिंक

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावी पावसाळा सरताना एखादे मूल सकाळी उठताच शिंकू लागले, डोळे चोळू लागले, आणि अंगात ताप मात्र नसला, तर त्यास केवळ पडसे न समजता बांधावरील गाजरगवताकडेही पाहावे. 1956 साली पुण्यातून ज्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली, त्या या परदेशी तणाचे पराग बहुतेकांस बाधत नसले तरी काही मुलांचे शरीर त्यांस शत्रू मानते, आणि हिस्टॅमिन नामक द्रव्य स्रवून नाक, डोळे यांचा दाह होतो. हे तण फुलावर येण्यापूर्वीच हातमोजे घालून मुळासकट उपटावे. मुलांच्या हातून हे काम, श्रमदानाच्या नावाखालीदेखील, करवून घेऊ नये. खेळून आल्यावर हात-तोंड धुवावे, घरात विडीचा धूर नसावा. छाती घरघरू लागल्यास मात्र काढ्यावर विसंबून इलाज तहकूब न ठेवता डॉक्टरांस गाठावे.