फवारणी विमानाची सुरक्षितता हँगरमध्येच ठरते

पिकांवरून अवघ्या तीन-चार मीटर उंचीने, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणाऱ्या फवारणी विमानाचे एकमेव इंजिन बंद पडले, तर वैमानिकाच्या हाती काही सेकंदच उरतात. दहा किलोमीटर उंचीवरील प्रवासी विमान सर्व इंजिने थांबली तरी शंभराहून अधिक किलोमीटर तरंगत जाऊ शकते. फवारणी विमानाजवळ उंचीची ही शिल्लक नसते. असतो तो केवळ वेग. तो खर्ची घालून थोडी उंची मिळवायची, टाकीतील द्रावण एकदम सोडून द्यायचे आणि समोर दिसेल त्या मोकळ्या जागी उतरायचे. अमेरिकी बनावटीच्या ‘एअर ट्रॅक्टर एटी-८०२’चे कमाल वजन सुमारे सव्वासात टन, तर त्याच्या टाकीत मावणारे द्रावण सुमारे तीन हजार लिटर. यावरून हा भार टाकून देण्याचे महत्त्व लक्षात यावे. धावपट्टीकडे वळण्याचा मोह मात्र बहुधा घातक ठरतो, कारण वळणात उरलासुरला वेगही अपुरा पडतो.

हवाई फवारणीचा पहिला प्रयोग ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. भारतात हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ‘बसंत’ या कृषी विमानाने १९७२ मध्ये प्रथम उड्डाण केले. त्याला ४०० अश्वशक्तीचे पिस्टन इंजिन होते. आज अशा मोठ्या विमानांत टर्बाइन इंजिने रुळली आहेत. ती अधिक भरवशाची आहेत, हे खरे. पण त्यांच्या वाट्याला येणारे कामही तितकेच खडतर आहे.

द्रावण भरायचे, पूर्ण शक्तीने उड्डाण करायचे, रिकामे होऊन परतायचे, हा क्रम दिवसभर चालतो. प्रत्येक फेरीत इंजिन तापते, निवते, पुन्हा तापते. धुळीने कॉम्प्रेसरची पाती झिजतात, रसायनांच्या अंशांनी गंजतात. म्हणूनच ती वरचेवर धुवावी लागतात. इंधन फवारणारे नोझल अंशतः तुंबले, तर ज्वाला एकाच ठिकाणी तीव्र होते आणि तेथील पाती प्रमाणाबाहेर तापतात. अडचण अशी, की कॉकपिटमधील तापमापक अनेक ठिकाणांच्या तापमानांची सरासरी दाखवतो. काटा मर्यादेत असतानाही आत धातू हळूहळू ताणला जात असतो. एक पाते तुटले, की त्याचे तुकडे इतर पात्यांवर आदळतात आणि शक्ती क्षणात नाहीशी होते.

ही झीज ठरावीक मुदतीत नोझल तपासून, बारीक कॅमेऱ्याची नळी आत घालून आणि तेलातील धातूकण पकडणारे चुंबक पाहून वेळीच ओळखता येते. तरीही प्रश्न उरतो तो बंधनाचा. अमेरिकेत हवाई वाहतूक प्रशासनाचे उड्डाणयोग्यता आदेश सक्तीचे आहेत. इंजिन उत्पादकाची सेवापत्रके आणि त्याने सुचवलेली संपूर्ण दुरुस्तीची मुदत फवारणी व्यावसायिकांवर सर्वसाधारणपणे बंधनकारक नाही. त्यातच कीड विमानाच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. ऐन हंगामात विमान दोन दिवस हँगरमध्ये ठेवणे म्हणजे थेट उत्पन्नावर पाणी, आणि पुढे ढकलल्या जाणाऱ्या तपासण्या नेमक्या याच दिवसांत येतात.