जमिनीची खरेदी करणारा ‘मकारिनी’ मंत्री झाला त्याची गोष्ट

न्यूझीलंड म्हटले की आपल्या मुलांना क्रिकेटचा संघ आठवतो. त्या देशाचे मूळ रहिवासी माओरी लोक, त्यांची जमीन आणि ती जमीन कशी गेली, याची माहिती मात्र आपल्याकडे फार थोड्यांना असते. लढाईत हरून जमीन जाणे वेगळे आणि भरसभेत, सर्वांच्या समोर, स्वतःच्या सहीने जाणे वेगळे. माओरींच्या बाबतीत दोन्ही घडले. त्यातला सहीचा भाग ज्या माणसाने सर्वांत जास्त चालवला त्याचे नाव डोनाल्ड मॅक्लीन. माओरी लोक त्याला आपल्या उच्चाराप्रमाणे ‘मकारिनी’ म्हणत. सरकारी जमीन खरेदीचा अधिकारी म्हणून त्याने नाव कमावले आणि पुढे तोच माओरी खात्याचा मंत्री झाला. कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, असे ज्यांना वाटते त्या प्रत्येकाने हे चरित्र वाचावे.

गरीब बेटावरचा मुलगा

मॅक्लीनचा जन्म १८२० साली स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील टायरी या लहान बेटावर झाला. सारे बेट एका ड्यूकच्या मालकीचे. बाकीचे सगळे त्याच्या जमिनीवर खंडाने कसणारे. घरात गेलिक बोलली जाई. ही भाषा इंग्रज हिणकस समजत. वडील गेल्यावर तो आईकडच्या नातेवाइकांत वाढला. विशीच्या आत पोटासाठी देश सोडून तो ऑस्ट्रेलियात गेला आणि तेथून १८४० मध्ये लाकडाच्या धंद्यात न्यूझीलंडला आला. माओरींच्या वस्त्यांत राहून, त्यांच्याबरोबर काम करून तो त्यांची भाषा अस्खलित शिकला. नुसते शब्द नव्हे, तर सभेत कसे उठावे, कोणाला आधी बोलू द्यावे, मृताचे दुःख कसे करावे, हे सारे त्याने आत्मसात केले.

त्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १८४० रोजी, वैतांगी येथे ब्रिटिश राणीचे प्रतिनिधी आणि माओरी सरदार यांच्यात करार झाला. माओरींच्या जमिनीवर माओरींचाच हक्क राहील, असे त्यात मान्य केले होते. पण त्याच करारात आणखी एक कलम होते. माओरींना जमीन विकायची झाली तर ती फक्त सरकारलाच विकता येईल. वाचकहो, या कलमाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. बाजारात गिऱ्हाईक एकच असेल तर भाव कोण ठरवणार?

हिशेब मांडून पाहू

१८४४ मध्ये मॅक्लीनला तारानाकी भागात माओरींच्या संरक्षक खात्यात नोकरी मिळाली. गव्हर्नर जॉर्ज ग्रे याने त्याचे गुण हेरले आणि त्याला जमीन खरेदीच्या कामाला लावले. १८५० च्या अखेरीस तो हॉक्स बे या भागात गेला. तेथील मोठा सरदार ते हापुकू. लोहारकाम, गिरण्या, व्यापार, शाळा, डॉक्टर हे सारे गोऱ्यांबरोबर आपल्या मुलखात येईल, अशी त्याची आशा होती. जमीन देताना त्याच्या मनात नुसती विक्री नव्हती, तर एक कायमचे नाते होते. गोऱ्यांना जागा द्यायची आणि त्यांच्याबरोबर आपणही वर यायचे.

मॅक्लीनची पद्धत आगळी होती. तो घाई करीत नसे. मोठी सभा भरवी, दिवस दिवस भाषणे ऐकी, हद्दी पायाने फिरून पाही आणि दस्तऐवज मोठ्याने वाचून दाखवी. मग सह्या होत. नोव्हेंबर १८५१ मध्ये वायपुकुराऊ येथील सुमारे २ लाख ७९ हजार एकर जमीन ४,८०० पौंडांना गेली. त्याच महिन्यात अहुरीरी येथील सुमारे २ लाख ६५ हजार एकर जमीन १,५०० पौंडांना गेली. तेथे सरदार तारेहा पुढे होता.

आता हिशेब करू. त्या वेळी १२ पेनीचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे वायपुकुराऊची जमीन एकरी चार पेनीच्या आसपास गेली आणि अहुरीरीची दीड पेनीहूनही कमी भावाने. १८५३ मध्ये ग्रेने सरकारी जमीन स्वस्त केली, तेव्हा गोऱ्या वसाहतवाल्यांना लावलेला भाव होता एकरी पाच ते दहा शिलिंग, म्हणजे ६० ते १२० पेनी. मोजणी आणि रस्त्यांचा खर्च धरला तरी फरक डोळ्यांत भरतो. स्वस्त जमीन दिली की गोरे येतील, गोरे आले की तुमच्या उरलेल्या जमिनीचा भाव वाढेल, हीच तुमची खरी किंमत, असे माओरींना सांगितले गेले. भाव वाढलाही. पण तोवर उरलेली जमीनही हातातून सुटत गेली.

१८५३ मध्ये वायरारापा भागात आणखी एक आश्वासन दिले गेले. सरकार ही जमीन पुढे विकेल तेव्हा त्या रकमेतले पाच टक्के माओरींच्या शाळा, दवाखाने आणि इतर कामांसाठी परत येतील. ते दस्तऐवजांतही लिहिले गेले. प्रत्यक्षात फार थोडे पैसे परत आले.

इसार आणि फूट

लवकरच मॅक्लीन जमीन खरेदी खात्याचा मुख्य झाला आणि १८५६ पासून माओरी कारभाराचा सचिवही तोच झाला. ज्याने माओरींचे हित पाहायचे त्यानेच त्यांची जमीन विकत घ्यायची! एका खुर्चीवर दोन कामे आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध.

याच काळात सभेची पद्धत मागे पडली. एकेका सरदाराला गाठायचे, गुपचूप इसार द्यायचा, मग बाकीच्यांना म्हणायचे की व्यवहार तर झाला. माओरींची जमीन सामायिक असे. भाऊबंद, आत्या, मावश्या, म्हातारी माणसे, सर्वांचा तिच्यावर हक्क. एकाने इसार घेतला की घराघरात भांडण पेटे. हॉक्स बेमध्ये १८५७-५८ साली जमीनविक्रीवरून ते हापुकू आणि दुसरा सरदार ते मोआनानुई यांच्या लोकांत प्रत्यक्ष लढाई झाली. ज्या सरदाराने शाळा आणि व्यापाराच्या आशेने सही केली होती, तो आपल्याच माणसांशी लढत होता.

मार्च १८५९ मध्ये गव्हर्नर गोर ब्राऊन न्यू प्लीमथला आला. मॅक्लीन बरोबर होता. ते तेईरा नावाच्या माओरीने वैतारा येथील सुमारे ६०० एकर जमीन विकायला काढली. तेथील ज्येष्ठ सरदार विरेमू किंगी याने, ही जमीन मी जाऊ देणार नाही, असे स्पष्ट सांगितले आणि तो सभेतून निघून गेला. तरी सरकारने पूर्ण चौकशी न करता खरेदी पुढे रेटली. १७ मार्च १८६० रोजी तोफा सुरू झाल्या. तीन वर्षांनी सरकारने ही खरेदी सोडून दिली. पण युद्धाच्या नावाखाली १८६५ मध्ये तारानाकीतील सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त केली आणि त्यात वैताराही गेले.

खुर्चीवर

मॅक्लीनवर मात्र आच आली नाही. १८६३ मध्ये तो हॉक्स बे प्रांताचा मुख्य कारभारी झाला आणि १८६६ मध्ये नेपियरहून संसदेत निवडून आला. मराएकाकाहो येथे त्याची स्वतःची मेंढ्यांची मोठी जहागीर उभी राहिली. त्याच काळात, तो पूर्व किनाऱ्यावर सरकारचा प्रतिनिधी असताना, पकडलेल्या माओरींना खटला न चालवता दूरच्या चॅथम बेटांवर पाठवले गेले. त्यांत ते कूटी नावाचा तरुण होता. १८६८ मध्ये तो एक जहाज ताब्यात घेऊन शेकडो लोकांसह निसटला आणि पुढे चार वर्षे रक्त सांडत राहिले.

१८६७ मध्ये मॅक्लीनने संसदेत एक विधेयक मांडले. माओरींसाठी चार राखीव जागा आणि एकवीस वर्षांवरील प्रत्येक माओरी पुरुषाला मत. गोऱ्या पुरुषांना तेव्हा मतासाठी मालमत्तेची अट होती. ही गोष्ट त्याच्या नावावर जमा धरलीच पाहिजे. पण जागा चारच का? लोकसंख्येच्या प्रमाणात त्या चौदा ते सोळा व्हायला हव्या होत्या. पाच वर्षांपुरती म्हणून केलेली ती सोय १८७६ मध्ये कायम झाली, पण आकडा चारच राहिला. गोऱ्यांना १८७० मध्ये गुप्त मतदान मिळाले, माओरींना ते १९३८ च्या निवडणुकीपर्यंत मिळाले नाही. पहिल्या चार सभासदांत अहुरीरीचा तारेहा होता. ज्याच्याकडून जमीन घेतली तो आणि ज्याने घेतली तो, दोघे एकाच सभागृहात बसले.

१८६९ ते १८७६ मॅक्लीन माओरी खात्याचा मंत्री होता. त्याने मोठे युद्ध थांबवले. राजा तावियाओ याची १८७५ मध्ये त्याने स्वतः जाऊन भेट घेतली. रस्त्यांच्या कामावर माओरी मजूर लावले, शाळा वाढवल्या, १८७२ मध्ये दोन माओरी सरदार वरिष्ठ सभागृहात घेतले गेले. मात्र जमीन जाण्याचे थांबले नाही. १८६५ च्या कायद्याने नेमलेले न्यायालय सामायिक जमिनीच्या दाखल्यावर फक्त दहा नावे घाली. बाकी सारे वारस कागदावरून पुसले गेले. हेरेटाउंगाची सुपीक जमीन अशीच दहा नावांवर आली. दुकानदारांच्या उधारीत, त्यात दारूचीही उधारी, ती दहा माणसे अडकली आणि जमीन गोऱ्यांच्या एका गटाकडे गेली. त्या गटात मॅक्लीनचा जवळचा सहकारी ऑर्मंड होता.

मग हॉक्स बेचे माओरी उठले. हेनारे माटुआ याच्या पुढाकाराने झालेले व्यवहार नाकारण्याची चळवळ सुरू झाली. सभा, अर्ज, वर्तमानपत्र. १८७३ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि त्याच्यापुढे शेकडो तक्रारी आल्या. म्हातारा ते हापुकूही या चळवळीकडे वळला. १८७४ मध्ये मॅक्लीनला ‘सर’ किताब मिळाला. ५ जानेवारी १८७७ रोजी नेपियर येथे तो वारला.

पत्रे उरली

मॅक्लीनने एक चांगली सवय ठेवली होती. तो आलेला कागद फेकत नसे. त्याच्या दप्तरात माओरी भाषेतली सुमारे तीन हजार पत्रे निघाली. ती आज वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेली आहेत. कोणी लिहिले आहे की ही हद्द चुकीची आहे, कोणी विचारले आहे की कबूल केलेले पैसे कोठे आहेत, कोणी कळवले आहे की माझ्या भावाने माझ्या न कळत सही केली. लिहायला नव्याने शिकलेल्या माणसांनी ही पत्रे लिहिली.

१९७५ मध्ये न्यूझीलंडमध्ये वैतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले. मूळ करार मोडल्याच्या तक्रारी ते ऐकते. तेथे हॉक्स बे, वायरारापा आणि तारानाकी येथील जुने व्यवहार तपासताना मॅक्लीनचेच दप्तर उघडावे लागले. १९९६ च्या तारानाकी अहवालात वैताराच्या अन्यायाची नोंद झाली. हेरेटाउंगा-तामातेआ भागातील माओरींशी सरकारने २०१५ मध्ये समझोता केला, क्षमा मागितली आणि १० कोटी न्यूझीलंड डॉलरची भरपाई मान्य केली. गेलेल्या जमिनीच्या मानाने ती रक्कम फारच थोडी. तरी सह्या झाल्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी सरकारला आपली चूक लिहून द्यावी लागली.

मॅक्लीन माओरींशी माओरीत बोलला, त्यांच्या दुःखात रडला, त्यांच्या पंगतीला बसला. माणूस आपल्या भाषेत गोड बोलतो म्हणून त्याने पुढे केलेला कागद आपल्या हिताचाच असतो, असे नाही. हे आपल्या घरातल्या मुलामुलींना सांगा. कोणताही दस्तऐवज दोनदा वाचा, न कळल्यास वाचून घ्या, सामायिक मालमत्तेत सर्वांची नावे आहेत का ते पाहा, घरातल्या बायकांचीही. तक्रार लेखी द्या, तिची नक्कल ठेवा आणि पोच घ्या. त्या अर्जाला आज उत्तर मिळेल न मिळेल, पण ट्रंकेत ठेवलेली नक्कल नातवंडांच्या कामी येईल.